सातबारा एकाचा, वहिती दुसऱ्याची

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात चागोस बेटांचा करार झाला, आणि दोन-चार दिवसांत दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या पानठेल्यावर स्वतंत्र विदर्भ राज्य झाल्यात जमा झालं. ते घडवून आणणारे माझे मामा. जुने विदर्भवादी, जांबुवंतराव धोट्यांच्या सभांना सायकलनं गेलेले. व्हॉट्सॲपवर त्यांचा आवाज आला : "पाह्य वं बाई, तू रायतं तो देश केवढासा? तरी त्यानं इंग्रजाच्या घशातून आपली जागा काढली. अन् आमच्या लोकायले मुंबईकडून एक राज्य काढता येत नाई. कसं केलं त्याइनं, ते विचारून सांग."

प्रश्न चांगला आहे. उत्तर मामांना आवडणार नाही, म्हणून फोनवर न देता इथे लिहिते आहे.

मी इथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात हिशेब सांभाळते. मॉरिशसमध्ये मराठी माणूस म्हटलं की कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. त्यांच्या गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, त्यांची मुलं शाळेत मराठी शिकतात. वऱ्हाडातून विमानानं आलेली माझ्यासारखी त्यांच्या लेखी पाहुणीच. तेव्हा मी सांगते ते पाहुणीच्या नजरेनं, आणि थोडं हिशेबनिसाच्या.

चागोस म्हणजे हिंदी महासागरातला साठेक बेटांचा पुंजका, इथून ईशान्येला दोन हजार किलोमीटरहून लांब. १८१४ च्या पॅरिस तहात फ्रान्सनं मॉरिशस ब्रिटनला दिलं, त्याबरोबर ही बेटंही गेली. पुढे अमेरिकेला लष्करी तळासाठी त्यातलं दिएगो गार्सिया हवं झालं. सप्टेंबर १९६५ मध्ये मॉरिशसचे नेते लंडनला स्वातंत्र्याची बोलणी करायला गेले होते. शिवसागर रामगुलाम ब्रिटिश पंतप्रधान विल्सनना भेटणार, त्याआधी विल्सनना त्यांच्या सचिवानं एक टिपण दिलं. ते आज उघड आहे. आशा दाखवून त्यांना घाबरवायचं, असा त्याचा मतलब : स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत शहाणपणानं वागला नाहीत तर मिळणार नाही ही भीती. रामगुलाम कबूल झाले. तीस लाख पौंड ठरले. ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस कायद्यानं मॉरिशसपासून तोडलं गेलं आणि १२ मार्च १९६८ ला उरलेला मॉरिशस स्वतंत्र झाला. त्यानंतर १९७३ पर्यंत बेटांवरची दीड-दोन हजार माणसं बोटींत घालून मॉरिशसला आणि सेशेल्सला आणून सोडली. दिएगो गार्सियावरची त्यांची कुत्रीसुद्धा मारून टाकली.

आता मामांच्या "कसं केलं" कडे येते.

सुरुवातीची दहा-बारा वर्षं मॉरिशस जवळजवळ गप्पच होतं. चहा-साखर विकून पोट भरणारा नवा देश, खरेदीदार ब्रिटन. मग आवाज चढत गेला, पण आवाजानं काही हललं नाही. ब्रिटनचं उत्तर ठरलेलं : तळाची गरज संपली की परत देऊ. २०१० मध्ये ब्रिटननं बेटांभोवतीचा समुद्र संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर केला. मासेमारी बंद, म्हणजे चागोसच्या माणसांनी परत जाऊन जगायचं कशावर, हा प्रश्नही परस्पर निकालात. मॉरिशसनं यावर निषेधाचं पत्र लिहून थांबणं सोडलं आणि सागरी कायद्याच्या करारातलं लवादाचं कलम काढलं. मार्च २०१५ मध्ये लवादानं ब्रिटनच्या विरोधात निकाल दिला. १९६५ मध्ये दिलेली वचनं ब्रिटनला बांधील आहेत, असं त्यानं सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वीचा कागद जिवंत झाला.

खरी चाल यानंतरची. बेटं कुणाची, हा दोन देशांमधला वाद. ब्रिटननं मान डोलावल्याशिवाय तो आंतरराष्ट्रीय न्यायालयात जातच नाही. मॉरिशसनं तो प्रश्न नेलाच नाही. त्यानं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेकरवी वेगळंच विचारवलं : १९६८ मध्ये मॉरिशसला वसाहतीतून मुक्त करण्याचं काम कायद्यानं पुरं झालं होतं का? हा प्रश्न विचारायला ब्रिटनची परवानगी लागत नव्हती, आणि आफ्रिकेतल्या, आशियातल्या प्रत्येक जुन्या वसाहतीला तो आपला वाटत होता. २०१७ मध्ये ९४ विरुद्ध १५ मतांनी तो न्यायालयाकडे गेला. भारताचं मत मॉरिशसला होतं. युरोपातले ब्रिटनचे बरेच मित्र तटस्थ राहिले. ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतरचे दिवस होते ते. २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयानं १३ विरुद्ध १ असं मत दिलं की काम पुरं झालेलं नाही, आणि ब्रिटननं शक्य तितक्या लवकर चागोसवरचा कारभार संपवावा. मत सल्ल्यापुरतं होतं, बंधन नव्हतं. पण तीन महिन्यांनी आमसभेत ठराव आला तेव्हा ११६ देश एकीकडे आणि ब्रिटन धरून सहा देश दुसरीकडे.

आणि या सगळ्या काळात मॉरिशस एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिलं : तळाला आमची हरकत नाही. समोरच्याला जे सर्वांत जास्त हवं होतं ते आधीच सोडून दिलं, म्हणून उरलेल्यावर अडून बसता आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटन वाटाघाटींना बसलं. तडजोड ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली आणि पुढच्याच महिन्यात इथलं जगन्नाथ सरकार निवडणुकीत भुईसपाट झालं. नवे पंतप्रधान नवीन रामगुलाम, म्हणजे १९६५ मध्ये कबूल झालेल्या रामगुलामांचे चिरंजीव. त्यांनी सही करायच्या आधी रकमेची महागाईशी जोडणी आणि मुदतवाढीचा अधिकार हे दोन मुद्दे पुन्हा उघडले. करार मोडला नाही, घासाघीस झाली. इथे पक्ष एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण सरकार बदललं म्हणून चागोसची मागणी बदललेली मी पाहिली नाही.

याच्या शेजारी आपलं ठेवून बघा. स्वतंत्र विदर्भाचा ठराव भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीनं १९९७ मध्ये भुवनेश्वरला केला. पुढे दिल्लीत सत्ता आली, मुंबईत आली, ठराव भुवनेश्वरलाच राहिला. काँग्रेसच्या वैदर्भीय पुढाऱ्यांनी तर विदर्भाचा आवाज मंत्रिमंडळाच्या यादीकडे बघून वर-खाली करण्याची कला फार आधीच साधली होती. मामांचे लाडके धोटेही १९७१ मध्ये नागपुरातून विदर्भाच्या नावावर लोकसभेत गेले आणि काही वर्षांत काँग्रेसमध्ये दिसले. मामांना हे सांगायचं नसतं.

पत्ताही चुकतो आपला. "मुंबईकडून राज्य काढता येत नाही" असं मामा म्हणतात, पण राज्य मुंबईकडून काढायचं नसतंच. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे नवं राज्य संसद करते. विधानसभेचं फक्त मत मागवतात, तिची संमती लागत नाही. आंध्रच्या विधानसभेनं जानेवारी २०१४ मध्ये तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगण झालं. न्यायाधीश कोण, हे मॉरिशसनं आधी शोधलं. आपण मात्र हिवाळी अधिवेशनात मोर्चा काढतो, झिरो माईलपासून घोषणा देत निघतो, पोलीस अडवतात, निवेदन दिलं जातं, मंडळी संत्रा बर्फी घेऊन परततात.

इथपर्यंत मामा खूश होतील. पण विदर्भ ही महाराष्ट्राची वसाहत आहे, हे त्यांचं पुढचं वाक्य मला इथे राहून म्हणवत नाही. कासीस, रोश ब्वा या पोर्ट लुईच्या वस्त्यांत चागोसच्या म्हाताऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींकडून १९८२ च्या करारानंतर भरपाईच्या चार पैशांसाठी, परत जाणार नाही अशा कागदावर अंगठे घेतले होते. विदर्भाचे ६२ आमदार विधानसभेत बसतात. (मॉरिशसच्या अख्ख्या संसदेत निवडून येणाऱ्या जागाही ६२च, हा योगायोग मामांना फार आवडेल.) कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, फडणवीस असे चार मुख्यमंत्री विदर्भानं दिले. आपल्याला कुणी आशा दाखवून घाबरवलं नाही. विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र एकत्र आणणारे १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार, दोन्हींवर आपल्याच माणसांनी डोळे उघडे ठेवून सह्या केल्या. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी पुढे वेगळ्या विदर्भासाठी उभे राहिले. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलंही होतं. ते झालं नाही, याची कारणं दिल्लीत जेवढी होती तेवढीच आपल्यातही होती.

चागोसशी आपलं खरं नातं वेगळ्या जागी आहे, आणि ते कराराची कलमं वाचताना माझ्या लक्षात आलं. करार म्हणतो की चागोसवर सार्वभौमत्व मॉरिशसचं. दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात, आणखी ४० वर्षं वाढवायची सोय. त्याबद्दल ब्रिटन पहिली तीन वर्षं दरसाल १६ कोटी ५० लाख पौंड, मग चौथ्या ते तेराव्या वर्षापर्यंत १२ कोटी, आणि पुढे महागाईच्या प्रमाणात वाढवून देणार. सातबारा एकाच्या नावावर, वावर दुसऱ्याकडे मक्त्यानं. आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि वऱ्हाडाला तर मुळीच नाही. वऱ्हाड स्वतःच असं मक्त्यानं दिलेलं वावर होतं. १८५३ मध्ये निजामाच्या नावावर पोसलेल्या इंग्रजी फौजेचा खर्च थकला आणि डलहौसीनं वऱ्हाड, धाराशिव, रायचूर दोआब आपल्या ताब्यात घेतले. १८६० च्या तहात धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. कापसाचा मुलूख कोण सोडतो! हैदराबादचे दिवाण सालारजंग वऱ्हाडासाठी झिजले, १८७६ मध्ये विलायतेला जाऊन आले, रिकाम्या हातानं. शेवटी ५ नोव्हेंबर १९०२ ला कर्झननं निजाम महबूब अली खान यांच्याशी करार केला. वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचंच, हे पुन्हा लिहून दिलं. मुलूख मात्र कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर.

हिशेबनीस म्हणून सांगते, तो करार वाईट होता. आधी निदान खर्च वजा जाता उरलेला महसूल हैदराबादला देण्याचं कलम तरी होतं. १९०२ नंतर ठोक रक्कम, आणि तिला ना मुदत ना वाढ. १९३६ मध्ये पुन्हा करार झाला तेव्हाही आकडा पंचवीस लाखच. मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेलं होतं, रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली होती. पोर्ट लुईच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी महागाईचं कलम मागितलं, ते मला म्हणूनच फार मोठं वाटतं. तळाच्या बातमीत त्याला एक ओळसुद्धा मिळत नाही.

निजामाची दुसरी चूक न्यायाधीशाची. मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितलं, नंतर निष्पक्ष चौकशी आयोगही मागितला. मागितला कुणाकडे, तर ज्यानं मुलूख धरून ठेवला होता त्याच्याचकडे. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं जे उत्तर दिलं ते हिंदुस्थानातल्या सगळ्या संस्थानिकांना पुरलं : ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाटाघाटी करण्याचा हक्क कुणाला नाही. तेव्हा जगात आमसभा नव्हती, हे खरं. पण निजामाचं लक्षही मानमरातबाकडे जास्त होतं, आणि १९३६ मध्ये इंग्रजांनी ते ओळखून दिलं. 'निजाम ऑफ हैदराबाद अँड बेरार' असा किताब, थोरल्या चिरंजीवांना 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी. या राजपुत्राला वऱ्हाडावर एक दिवसही राज्य करायला मिळालं नाही.

या सगळ्यात वऱ्हाडी माणूस कुठे होता? वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांना निजामाकडे परत जायचं नव्हतं आणि ते तसं उघड बोलत होते. पण कर्झनच्या मेजावर असो की १९३६ च्या, वऱ्हाडच्या लोकांना विचारल्याशिवाय सही नाही, अशी अट कुणी घातली नाही. चागोसचंही असंच झालं. बेटांवरच्या माणसांपैकी आणि त्यांच्या मुलांपैकी पुष्कळजण आज इंग्लंडमध्ये, गॅटविक विमानतळाजवळच्या क्रॉली गावात राहतात. त्यातल्या अनेकांना मॉरिशसचं राज्य नको आहे. करार व्हायच्या दिवशी दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांनी लंडनच्या कोर्टातून पहाटे तात्पुरती मनाई मिळवली. दुपारपर्यंत ती उठली आणि सह्या झाल्या. दुसरीकडे ओलिव्हिए बँकूल यांची इथली संघटना कराराच्या बाजूनं आहे. हे तेच गृहस्थ, ज्यांनी २००० मध्ये ब्रिटनच्या हायकोर्टात सरकारला हरवलं होतं आणि नंतर २००८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. म्हणजे चागोसच्या लोकांचं एकच मत आहे असंही नाही. पण दोन्ही गटांना वाटाघाटीच्या मेजावर खुर्ची नव्हती. त्यांच्यासाठी चार कोटी पौंडांचा निधी आहे. बाकीच्या बेटांवर त्यांना वसवायचं की नाही ते मॉरिशस ठरवणार. दिएगो गार्सियावर नाहीच.

गावाकडे वाटतं की इथे गुलाल उधळला असेल. सह्या झाल्या तेव्हा समाधान होतं, भाषणं झाली. पंधरा दिवसांत अर्थसंकल्प आला, सरकारनं म्हातारपणाच्या पेन्शनचं वय साठावरून पासष्टावर नेण्याचं जाहीर केलं, आणि आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये चागोसचा विषय तिथेच मिटला. चागोसचा पैसा पहिली तीन वर्षं सरकारी कर्ज फेडण्यात जाणार, हे ऐकल्यावर माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, मग आमची पाच वर्षं का वाढवली? तिला मी उत्तर देऊ शकले नाही. लंडनमध्ये तर करारावरून भांडणं चालूच आहेत.

आणखी एक गोष्ट, जी पानठेल्यावर सांगितली तर माझीच उलटतपासणी होईल. मॉरिशसच्या उत्तरेला अगालेगा नावाची दोन छोटी बेटं आहेत, वस्ती तीनेकशे माणसांची. तिथे भारतानं तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधून दिला. २९ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. आपल्याकडच्या वाहिन्यांवर ते शौर्यगीतासारखं वाजलं. इथे मात्र सरकारला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं की हा लष्करी तळ नाही, आणि ज्यांच्या डोक्यात दिएगो गार्सिया आहे ते तरी विचारतच राहतात. चागोसवर भारत मॉरिशसच्या मागे भक्कम उभा राहिला याचा मला अभिमान आहे. अगालेगाच्या माणसांना कोण विचारतं, हे विचारायला मी त्यामुळे मोकळी होते असं मला वाटतं. मामांना वाटणार नाही.

त्यामुळे मामांना माझं म्हणणं असं आहे. राज्य मागायचं तर जरूर मागा, दिल्लीला मागा. पण मागणीत कलमं घाला. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या, शिक्षणातल्या जागा, सगळं होतं. टिकलं काय? नागपूरचं अधिवेशन, कारण ते झालं की नाही हे डोळ्यांना दिसतं. आणि तेही २०२० व २०२१ मध्ये करोनाच्या कारणानं मुंबईत झालं. निधीचं वचन मोजणारा दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, तोवर विदर्भाचा अनुशेष बाराशे कोटींच्या वर गेला होता. घटनेच्या ३७१(२) कलमाखालची विकास मंडळं १९९४ मध्ये आली आणि एप्रिल २०२० मध्ये मुदत संपून गेली. मोडलं तर दाद कुठे मागायची, हे यातल्या एकाही कागदात नीट नव्हतं.

आणि विदर्भ म्हणजे नागपूर, हे आधी मोडा. राजधानी नागपूर, उच्च न्यायालय नागपूर, सचिवालय नागपूर, आणि आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला लागणारं पाणी तेच खारट. सिंचनाचा जो अनुशेष शेवटपर्यंत रेंगाळला तो अमरावती विभागातल्या चार जिल्ह्यांचा, आणि त्याची फिकीर नागपूरला मुंबईपेक्षा जास्त होती याचा पुरावा मला दिसलेला नाही. मामांना हे एकदा म्हटलं तर म्हणाले, "आधी राज्य तं येऊ दे, मंग पाहू वऱ्हाडाचं." चागोसच्या लोकांनीही बरीच वर्षं हेच ऐकलं.

मॉरिशसकडून घ्यायचंच तर रॉड्रिग्जचं घ्या. हे बेटही राजधानीपासून लांब, समुद्रापलीकडे, दुर्लक्षित म्हणून कुरकुरणारं. २००२ पासून तिथे स्वतःची निवडून आलेली प्रादेशिक विधानसभा आहे. कुरकुर थांबलेली नाही, पण ती करायला जागा आहे आणि अंदाजपत्रकात वेगळं खातं आहे. विदर्भ राज्याच्या मसुद्यात वऱ्हाडासाठी असं सभागृह, सिंचनाच्या पैशाचं वेगळं खातं आणि ते वळवलं तर थेट न्यायालयात जाण्याचा हक्क, एवढं घाला. असा मसुदा गावात कुणी लिहायला बसलं तर पैशांची कलमं माझ्याकडे पाठवा, रात्री जागून तपासून देईन. महागाईची जोडणी पहिल्या वर्षापासून लागेल, चौदाव्यापासून नाही.